मृत्यू, कुटुंब आणि नुकसानभरपाई : १८५५ च्या प्राणघातक अपघात अधिनियमाचा ऐतिहासिक अभ्यास

सारांश

दुसऱ्याच्या अपकृत्यामुळे एखादी व्यक्ती मरण पावल्यास तिच्या कुटुंबाला दिवाणी न्यायालयात नुकसानभरपाई मागता यावी, यासाठी भारतात १८५५ मध्ये स्वतंत्र अधिनियम करण्यात आला. मृत्यूमुळे नुकसान कोणाचे होते आणि ते कसे मोजावयाचे, असे दोन प्रश्न या अधिनियमाने न्यायालयापुढे ठेवले. या दोन प्रश्नांच्या उत्तरांत पुढील सुमारे पावणेदोनशे वर्षांत कोणते बदल झाले आणि कोणते बदल व्हावयाचे राहिले, याचा मागोवा प्रस्तुत निबंधात घेतला आहे.

बीजशब्द : अपकृत्य, निष्काळजीपणा, दिवाणी दावा, अवलंबित, नुकसानभरपाई, गुणक पद्धती.

प्रस्तावना

एखाद्याच्या निष्काळजीपणामुळे दुसऱ्याचा पाय मोडला, तर जखमी व्यक्तीला दिवाणी न्यायालयात नुकसानभरपाई मागता येते, हे तत्त्व इंग्रजी विधीत फार पूर्वी रुजले होते. मात्र त्याच निष्काळजीपणामुळे ती व्यक्ती मरण पावली, तर तिच्या विधवेला वा मुलांना काहीही मागता येत नसे. जखमी करणाऱ्यापेक्षा जीव घेणारा अधिक सुरक्षित, अशी ही विपरीत स्थिती होती. ती दूर करण्यासाठी इंग्लंडमध्ये १८४६ साली आणि भारतात १८५५ साली कायदा झाला. भारतातील हा अधिनियम आकाराने अत्यंत लहान, अवघ्या काही कलमांचा आहे. तो आजही अस्तित्वात आहे. रेल्वे, गिरणी, मोटार, विमा आणि घटनात्मक हक्क अशा अनेक टप्प्यांतून भारतीय समाज गेला, तरी निष्काळजीपणाने झालेल्या मृत्यूबाबतच्या सामान्य दिवाणी दाव्याचा पाया हाच राहिला. म्हणूनच या अधिनियमाचा इतिहास हा केवळ विधीचा इतिहास नसून सामान्य माणसाच्या जीविताकडे राज्यसंस्था कोणत्या दृष्टीने पाहत आली, याचाही इतिहास आहे.

इंग्रजी विधीची पार्श्वभूमी

व्यक्तीच्या मृत्यूबरोबर तिचा वैयक्तिक दावाही संपतो, असे जुने इंग्रजी तत्त्व होते. १८०८ मधील बेकर विरुद्ध बोल्टन या खटल्याने या तत्त्वापुढे आणखी एक पाऊल टाकले. घोडागाडी उलटून एक दांपत्य जखमी झाले आणि सुमारे महिन्याभराने पत्नीचे निधन झाले. ती पतीला त्याच्या व्यवसायात साहाय्य करीत असे. पतीने गाडीच्या मालकांवर दावा केला. न्यायमूर्ती लॉर्ड एलेनबरो यांनी असे ठरविले की, माणसाचा मृत्यू ही दिवाणी न्यायालयात तक्रार करण्याजोगी हानी होऊ शकत नाही. परिणामी पतीला मिळालेली १०० पौंडांची रक्कम पत्नी जिवंत असेपर्यंतच्या काळापुरती होती. तिच्या मृत्यूनंतरच्या पोकळीचा तिच्यात विचार नव्हता.

घोडागाडीच्या काळात या नियमाची झळ मर्यादित लोकांना लागत होती. रेल्वेच्या आगमनाने परिस्थिती पालटली. २४ डिसेंबर १८४१ रोजी सॉनिंग येथे ग्रेट वेस्टर्न रेल्वेच्या गाडीला अपघात होऊन उघड्या डब्यांतून प्रवास करणारे नऊ जण मरण पावले. पार्लमेंटच्या इमारतीवर काम करणारे आणि नाताळासाठी घरी निघालेले कामगार त्यांत मोठ्या संख्येने होते. त्या वेळी मृत्यूस कारण ठरलेल्या वस्तूवर दंड बसविण्याची एक मध्ययुगीन प्रथा इंग्लंडमध्ये शिल्लक होती. तिच्या आधारे पंचांनी इंजिन व डबे यांवर १,००० पौंडांचा दंड ठोठावला. परंतु हा दंड तत्त्वतः राजाला देय होता, मृतांच्या कुटुंबांना नव्हे. १८४६ मध्ये पार्लमेंटने ही प्रथा रद्द केली आणि त्याच वर्षी लॉर्ड कॅम्पबेल यांच्या पुढाकाराने प्राणघातक अपघातविषयक अधिनियम संमत केला. वस्तूला दंड करण्याऐवजी दोषी पक्षाने कुटुंबाचे नुकसान भरून द्यावे, हा दृष्टिकोनातील मूलभूत बदल होता.

या अधिनियमाला न्यायालयांनी लवकरच एक मर्यादाही घातली. १८५२ च्या ब्लेक विरुद्ध मिडलंड रेल्वे या खटल्यात विधवेच्या मानसिक दुःखाबद्दल भरपाई देता येणार नाही, केवळ आर्थिक नुकसानच मोजावे, असे ठरले. ही मर्यादा भारतीय न्यायालयांतही दीर्घकाळ प्रमाण मानली गेली.

१८५५ चा भारतीय अधिनियम

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी पहिली प्रवासी आगगाडी धावली. १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी मुंबईत कापडगिरणीची कंपनी स्थापन केली. त्यानंतरच्याच वर्षी, मार्च १८५५ मध्ये, प्राणघातक अपघातांविषयीचा तेरावा अधिनियम संमत झाला. यंत्रयुगाची आणि या अधिनियमाची पावले भारतात जवळजवळ एकाच वेळी पडली, ही बाब लक्षणीय आहे.

अपकृत्याने मृत्यू घडविणाऱ्याविरुद्ध कोणत्याही न्यायालयात दावा चालू शकत नाही, अशी कबुली अधिनियमाच्या उद्देशिकेतच दिलेली आहे. कलम १-अ हे अधिनियमाचे हृदय होय. मृत व्यक्ती जिवंत राहिली असती, तर तिला ज्या कृत्याबद्दल दावा करता आला असता, त्याच कृत्याबद्दल तिच्या मृत्यूनंतर दावा करता येईल, असे हे कलम सांगते. तेच कृत्य फौजदारी गुन्हा ठरत असले, तरी दिवाणी दाव्याला बाध येत नाही. हा दावा मृताचा निष्पादक, प्रशासक अथवा प्रतिनिधी यांनी दाखल करावयाचा असतो. परंतु तो ज्यांच्या हितासाठी असतो, त्यांची यादी कायद्याने निश्चित केली आहे. पत्नी, पती, आईवडील आणि अपत्ये एवढेच या यादीतील नातलग होत. आईवडील या संज्ञेत आजी-आजोबांचा आणि अपत्य या संज्ञेत नातवंडे व सावत्र मुले यांचा समावेश होतो. भाऊ, बहीण, पुतण्या, विधवा वहिनी यांना या यादीत स्थान नाही.

इंग्लंडमधील विभक्त कुटुंबाच्या प्रतिमेवर बेतलेली ही यादी एकत्र कुटुंबपद्धती असलेल्या समाजाला लागू झाली. थोरल्या भावाच्या कमाईवर शिकणारा धाकटा भाऊ किंवा त्याच्या आधाराने माहेरी राहणारी विधवा बहीण ही महाराष्ट्रातील घराघरांत परिचित असलेली नाती होती. या अधिनियमाच्या दृष्टीने मात्र त्यांचे काहीच नुकसान होत नव्हते.

दिवाणी दाव्याची वाटचाल

असा दावा प्रत्यक्षात कसा चालतो, हे समजून घेतल्याशिवाय पुढील बदलांचे महत्त्व ध्यानात येत नाही. प्रथम मुदतीचा प्रश्न येतो. १९०८ च्या मुदत कायद्यानुसार मृत्यूच्या दिनांकापासून एका वर्षाच्या आत दावा दाखल करावा लागे; १९६३ च्या कायद्याने ही मुदत दोन वर्षे केली. घरातील कर्ता गेल्यानंतर सावरण्यासाठी लागणारा काळ पाहता ही मुदत अल्पच म्हणावी लागेल.

दाव्यात कोणकोणासाठी भरपाई मागितली आहे आणि प्रत्येकाचे नुकसान कोणत्या स्वरूपाचे आहे, याचा तपशील देणे कलम ३ नुसार बंधनकारक आहे. एका मृत्यूबाबत एकच दावा करता येतो, त्यामुळे सर्व हक्कदारांचा समावेश त्याच दाव्यात व्हावा लागतो. मागणीच्या रकमेच्या प्रमाणात न्यायालय शुल्क भरावे लागते. ते भरण्याची ऐपत नसल्यास दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३३ खाली निर्धन म्हणून दावा चालविण्याची परवानगी मागता येते. परंतु त्यासाठी आधी निर्धनता सिद्ध करावी लागते. त्यानंतर प्रतिवादीची कैफियत, वादमुद्द्यांची निश्चिती, साक्षीपुरावा, युक्तिवाद आणि हुकूमनामा असा क्रम असतो. हुकूमनाम्यानंतरही रक्कम स्वेच्छेने न मिळाल्यास दरखास्त दाखल करावी लागते.

फौजदारी खटल्यात दोष निःसंशय सिद्ध व्हावा लागतो. दिवाणी दाव्यात संभाव्यतेचे पारडे वादीकडे झुकणे पुरेसे असते. त्यामुळे फौजदारी न्यायालयातून सुटलेल्या व्यक्तीविरुद्धही दिवाणी हुकूमनामा होऊ शकतो. मात्र पुराव्याचा भार वादीवरच असतो, आणि जो माणूस प्रत्यक्ष घटना सांगू शकला असता, तो तर हयात नसतो. या प्रकारच्या दाव्यातील सर्वांत मोठी अडचण येथे आहे.

निष्काळजीपणाचा पुरावा : तीन प्रकरणे

ही अडचण न्यायालयांनी कशी हाताळली, हे तीन प्रकरणांवरून स्पष्ट होते. पहिले प्रकरण दिल्लीतील चांदणी चौकातील घड्याळाच्या मनोऱ्याचे आहे. हा मनोरा कोसळून काही व्यक्ती मरण पावल्या. त्यांच्या वारसांनी महानगरपालिकेविरुद्ध तीन दावे केले. १९६६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महानगरपालिकेला जबाबदार धरले. बांधकाम सुमारे ८० वर्षांचे होते, आणि वापरलेल्या चुन्याचा विचार करता त्याचे आयुष्य ४० ते ४५ वर्षांचेच होते. असा मनोरा भर रस्त्यावर आपोआप कोसळतो, ही घटनाच निष्काळजीपणा सूचित करते, असे न्यायालयाने मानले. म्हणजे येथे वादीचा भार घटनेनेच हलका केला.

दुसरे प्रकरण राजकोटचे आहे. १९७५ मध्ये रस्त्याकडेचे झाड अंगावर पडून एका नोकरदाराचा मृत्यू झाला. त्याच्या कुटुंबाने महापालिकेविरुद्ध केलेला दावा खालच्या न्यायालयांत यशस्वी झाला. परंतु १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो अमान्य केला. झाड पडण्याची पूर्वकल्पना महापालिकेला होती, असे सिद्ध झाले नाही आणि प्रत्येक झाडाची सतत तपासणी करण्याचे कर्तव्य तिच्यावर लादता येणार नाही, अशी ही भूमिका होती. घटनेपासून अंतिम निर्णयापर्यंत बावीस वर्षे गेली आणि कुटुंबाच्या पदरी हुकूमनामा राहिला नाही.

तिसरे प्रकरण महाराष्ट्रातील आहे. मे १९५३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेतच्या समुद्रकिनाऱ्यावर सुमारे वीस वर्षांच्या तरुणाच्या मांडीचे हाड मोडले. त्याला पुण्यातील रुग्णालयात नेण्यात आले आणि त्याच दिवशी रात्री त्याचा मृत्यू झाला. योग्य भूल न देता जोर लावून हाड बसविल्याने धक्का बसून मृत्यू झाला, असा पालकांचा आरोप होता. दिवाणी न्यायालयाने ३,००० रुपयांचा हुकूमनामा केला. तो उच्च न्यायालयात कायम झाला आणि १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही उचलून धरला. वैद्यकीय व्यावसायिकाने रुग्णाप्रती बाळगावयाच्या काळजीचे निकष या निर्णयात मांडले गेल्याने तो आजही उद्धृत केला जातो. पंधरा वर्षांच्या लढ्याचे आर्थिक फलित तीन हजार रुपये होते. असे दावे अनेकदा पैशासाठी नव्हे, तर चूक झाली हे कोणीतरी अधिकृतपणे म्हणावे यासाठी लढविले जातात, असे या प्रकरणावरून म्हणता येते.

प्रतिवादी शासन असल्यास आणखी एक अडथळा असे. सार्वभौम कार्यात झालेल्या चुकीबद्दल शासन जबाबदार नाही, असा बचाव घेतला जाई. उदयपूर येथे सरकारी जीपने एका पादचाऱ्याचा मृत्यू झाला, त्या प्रकरणात १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा बचाव फेटाळला आणि त्याच्या विधवेला व मुलीला मिळालेली १५,००० रुपयांची भरपाई कायम केली.

दिवाणी न्यायालयाबाहेरच्या वाटा

विसाव्या शतकात विधिमंडळाने या दाव्याची अवघड वाट सोपी करण्याऐवजी तिच्या शेजारी नव्या वाटा काढल्या. १ जुलै १९२४ पासून अमलात आलेल्या कामगार नुकसानभरपाई अधिनियमाने कामावर असताना मृत्यू झालेल्या कामगाराच्या अवलंबितांना, मालकाचा दोष सिद्ध न करताही, ठरावीक सूत्रानुसार भरपाई देऊ केली. मुंबईच्या गिरणी कामगारांच्या दृष्टीने हा बदल महत्त्वाचा होता, कारण तत्पूर्वी सहकाऱ्याच्या चुकीमुळे कामगार मेला तर मालक जबाबदार नाही, असा बचाव मालकांना घेता येई.

१९५६ च्या दुरुस्तीने मोटार वाहन अधिनियम, १९३९ मध्ये अपघात दावा न्यायाधिकरणांची तरतूद झाली आणि अशी न्यायाधिकरणे जेथे स्थापन झाली, तेथे मोटार अपघातांचे दावे दिवाणी न्यायालयांच्या कक्षेबाहेर गेले. १९८२ मध्ये दोष सिद्ध न करता मृत्यूबद्दल १५,००० रुपये देण्याची तरतूद झाली. १९८८ च्या अधिनियमात ही रक्कम २५,००० आणि १९९४ मध्ये ५०,००० झाली. २०१९ च्या दुरुस्तीने दोष सिद्ध न करता द्यावयाची भरपाई पाच लाखांवर नेली. ज्या रेल्वेच्या अपघातांनी १८४६ च्या कायद्याची गरज निर्माण केली, त्या रेल्वेचे दावेही १९८७ च्या अधिनियमानुसार स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे गेले. रेल्वे अपघाती मृत्यूची निश्चित भरपाई २०१७ पासून आठ लाख रुपये आहे. वैद्यकीय निष्काळजीपणाच्या प्रकरणांना ग्राहक संरक्षण कायद्याची वाट १९९५ च्या निर्णयाने मोकळी झाली. शासकीय कोठडीतील मृत्यूंसारख्या प्रकरणांत, १९९३ च्या नीलाबती बेहेरा निर्णयानंतर, घटनेच्या अनुच्छेद २१ च्या आधारे थेट उच्च वा सर्वोच्च न्यायालयाकडे भरपाई मागण्याचा मार्ग दृढ झाला.

या वाटांपैकी मोटार न्यायाधिकरणांनी 'कुटुंब' या संकल्पनेत महत्त्वाचा बदल घडविला. मोटार वाहन अधिनियमात 'विधिक प्रतिनिधी' अशी व्यापक संज्ञा आहे. गुजरात राज्य मार्ग परिवहन महामंडळ विरुद्ध रमणभाई प्रभातभाई या १९८७ च्या निर्णयात मृताच्या भावालाही दावा करता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरविले. भारतीय कुटुंबात भाऊ, बहिणी, भावांची मुले आणि क्वचित सांभाळलेली मुलेही एकत्र राहतात, याची न्यायालयाने दखल घेतली. १८५५ च्या यादीवरील हे अप्रत्यक्ष भाष्यच होते. पण ती यादी मात्र बदलली नाही.

जीविताचे मोल

दुसरा प्रश्न मोजणीचा होता. १९६२ च्या गोबाल्ड मोटर सर्व्हिस प्रकरणात न्यायालयाने दोन बाबी वेगळ्या केल्या : अवलंबितांचे नुकसान आणि मृताच्या संपदेचे नुकसान. एकच रक्कम दोनदा मिळू नये, हे तत्त्वही तेथे मांडले गेले. १९७० मध्ये दोन लहान मुलांच्या मृत्यूच्या प्रकरणात, मानवी जीविताचे मोल ठरविणारा अचूक व एकसारखा नियम असू शकत नाही, असे न्यायालयाने नमूद केले. परिणामी समान प्रकरणांत वेगवेगळ्या रकमा दिल्या जात.

१९९४ च्या सुसम्मा थॉमस निर्णयाने गुणक पद्धतीला मान्यता दिली, २००९ च्या सरला वर्मा निर्णयाने तिला निश्चित तक्ता दिला आणि २०१७ च्या प्रणय सेठी निर्णयाने भावी उत्पन्नवाढीची टक्केवारी ठरविली. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. महिना १५,००० रुपये कमावणारा, ३२ वर्षांचा, स्वयंरोजगारित गृहस्थ अपघातात मरण पावला आणि मागे पत्नी, दोन मुले व आई असे चार अवलंबित आहेत. भावी वाढीचे ४० टक्के धरून मासिक उत्पन्न २१,००० आणि वार्षिक उत्पन्न २,५२,००० रुपये होते. त्यातून मृताच्या स्वतःच्या खर्चाचा एक चतुर्थांश वजा केल्यास १,८९,००० रुपये उरतात. ३१ ते ३५ वयोगटासाठी गुणक १६ असल्याने अवलंबितांचे नुकसान ३०,२४,००० रुपये होते. याशिवाय सहवासाची हानी, संपदेची हानी आणि अंत्यविधी यांसाठी ठरावीक रकमा मिळतात. १८५२ मध्ये नाकारलेल्या दुःखाला 'सहवासाची हानी' या नावाने, मर्यादित का होईना, प्रवेश मिळाला. २०१८ च्या निर्णयाने तो मुलांना आणि आईवडिलांनाही दिला.

या सूत्राने समानता आणली, तथापि ते उत्पन्नावर उभे असल्याने जिचे उत्पन्न कागदावर नाही, तिचे काय, हा प्रश्न उरला. जमशेदपूर येथे ३ मार्च १९८९ रोजी एका समारंभात लागलेल्या आगीच्या प्रकरणात, २००१ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने गृहिणींच्या सेवेचे मोल महिना ३,००० रुपये धरले. २०२१ च्या कीर्ती विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्स या निर्णयात गृहिणीच्या कामाला काल्पनिक उत्पन्न मानून त्यात भावी वाढही धरावी, असे ठरले. १८०८ मध्ये पतीच्या व्यवसायात राबणाऱ्या पत्नीच्या मृत्यूचे मोल शून्य ठरले होते. तिथून इथपर्यंतचे अंतर दोनशेहून अधिक वर्षांचे आहे.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसून येते की, नुकसान मोजण्याच्या प्रश्नात भारतीय न्यायव्यवस्थेने मोठी मजल मारली. परंतु नुकसान कोणाचे, या प्रश्नाचे १८५५ चे उत्तर मूळ अधिनियमात तसेच राहिले. याचा परिणाम असा की, कुटुंबाला मिळणारा न्याय मृत्यूच्या कारणावर अवलंबून राहतो. थोरला भाऊ एसटीच्या धडकेने गेला, तर त्याच्यावर विसंबून असलेल्या बहिणीला न्यायाधिकरणाचे दार उघडे आहे. तोच भाऊ पालिकेची भिंत अंगावर कोसळून गेला, तर तिचे नाव अधिनियमाच्या यादीत नाही, दोष सिद्ध करण्याचा भार कुटुंबावर आहे आणि मुदत दोन वर्षांची आहे. दोन्ही घटनांत घरातील चूल सारखीच विझते.

या अधिनियमाने कुटुंबाला प्रथमच न्यायालयाचा उंबरा ओलांडू दिला, हे त्याचे ऐतिहासिक श्रेय नाकारता येणार नाही. मात्र हितसंबंधितांच्या यादीत प्रत्यक्ष अवलंबित असलेल्या सर्वांचा समावेश करणे, आणि निर्धन कुटुंबांसाठी न्यायालय शुल्काची अट शिथिल करणे, या दोन दुरुस्त्या केल्याशिवाय ते श्रेय अपुरेच राहील. मोटार अपघातांबाबत जे शक्य झाले, ते इतर मृत्यूंबाबत अशक्य मानण्याचे कोणतेही तात्त्विक कारण या अधिनियमाच्या इतिहासात आढळत नाही.